बेत कोणाच्या खिशाने आखायचा?

शेवटचा पेपर अजून दोन महिने दूर असतो, अभ्यासाची वही अर्धी कोरी असते, आणि तरीही कॅन्टीनच्या एखाद्या कोपऱ्यात उन्हाळ्याच्या सहलीचे बेत रंगू लागतात. हे दरवर्षीचेच आहे. पूर्वी म्हणे हे बेत वहीच्या मागच्या पानावर होत. आता त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रूप निघतो, त्याला मोठे डौलदार नाव दिले जाते, आणि दोन दिवसांत तिथे इतकी छायाचित्रे येऊन पडतात की सहल होऊन गेल्यासारखेच वाटावे. दिल्ली, आग्रा, जयपूर, अमृतसर, सिमला, मनाली! दिवस बारा, शहरे सहा. कोणी तरी भीत भीत विचारतो, "झोपायचे कधी?" त्यावर उत्तर तयार असते, "गाडीत!"

तरुणपणी माणसाने असे बेत करू नयेत तर कधी करावेत? माझा राग त्या यादीवर नाही. ती यादी कोण करतो, ह्यावर आहे. पाच-सहाजणांच्या घोळक्यात एकाची ऐपत बरी असते, त्याचा आवाजही बहुधा मोठा असतो, आणि तो जी शहरे उच्चारतो ती सर्वांची होऊन बसतात. बाकीचे माना डोलावतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मित्रमंडळींची सहल ठरवताना पहिला शब्द ज्याचा खिसा सर्वांत रिकामा आहे त्याचा असावा, आणि दुसरा शब्द जिला घरून सर्वांत कमी मोकळीक आहे तिचा. हे मी दयेपोटी म्हणत नाही. अशा रीतीने ठरलेली सहल अधिक चांगली होते, असे माझे मत आहे, आणि तेच ह्या लेखात पटवून द्यायचे आहे.

आधी आज काय घडते ते पाहू. यादी ठरते, हिशेब मांडला जातो, माणशी पंधरा-सोळा हजारांचा आकडा निघतो. त्या दिवसापासून ग्रूपवर एकजण बोलेनासा होतो. चार दिवसांनी तो सांगतो, "माझ्या मामेबहिणीचे लग्न आहे रे त्याच सुमारास." किंवा, "घरी जरा काम निघाले आहे." आपण हळहळतो, "तू असतास तर मजा आली असती," असेही म्हणतो. त्या मामेबहिणीचे लग्न गेल्याही वर्षी त्याच सुमारास होते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. की येते आणि आपण गप्प बसतो? मग एक नवा ग्रूप निघतो. त्यात तो नसतो. कोणी कोणाला घालवले नाही, कोणी भांडले नाही. केवळ एक आकडा उच्चारला गेला आणि तीन वर्षे एका बाकावर बसलेला मित्र बाजूला झाला. वर्गात आपण समतेवर निबंध लिहितो, वक्तृत्वस्पर्धेत ढाली मिळवतो. समतेची खरी परीक्षा मात्र अशी कॅन्टीनच्या टेबलावर होते आणि तिचा निकाल कुठेच लागत नाही.

ह्यावर उदार मनाची मंडळी म्हणतात, "त्यात काय एवढे? त्याचे आम्ही भरू." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो ह्याबद्दल मला शंका नाही. पण नऊ दिवस दुसऱ्याच्या पैशाने फिरणाऱ्याची अवस्था जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. त्याला चहा हवा असतो, तो मागत नाही. त्याला किल्ल्यावर आणखी तासभर बसायचे असते, तो उठतो. कोठे जेवायचे ह्यावर वाद झाला तर त्याचे मत आधीच पैसे भरणाऱ्याच्या बाजूला पडलेले असते. आणि भरणारा कितीही सज्जन असला तरी तिसऱ्या दिवसापासून तो नकळत म्होरक्या होतो. मैत्रीत उसने चालते, उपकार चालत नाहीत.

तेव्हा हिशेबाची पद्धतच उलटी करावी. आम्ही यंदा सहाजणांनी ती करून पाहिली. ग्रूप काढण्यापूर्वी, एकाही शहराचे नाव घेण्यापूर्वी, प्रत्येकाने कागदाच्या चिठ्ठीवर एकच आकडा लिहिला: घरी हात न पसरता, फी न थकवता, मला किती खर्च करता येईल? नाव लिहायचे नाही. चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या. त्यांतली सर्वांत लहान रक्कम ती सर्वांची रक्कम. सरासरी काढायची नाही. सरासरी हा गरिबाला फसवण्याचा सभ्य मार्ग आहे. ती चिठ्ठी कोणाची हे विचारायचे नाही, आणि अंदाज आला तरी बोलून दाखवायचे नाही. आमच्या डब्यातून पाच हजार रुपये निघाले. नऊ दिवसांसाठी, जाण्यायेण्यासकट.

पाच हजारांत काय होते, असे म्हणून एकाने तोंड वाकडे केले. म्हणून रेल्वेचा नकाशा उघडला. आपण जळगाव-भुसावळकडची मुले. गाडीच्या शिट्टीवर घड्याळ लावणारी. भुसावळहून एक रूळ उत्तरेला जातो. बुऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी, भोपाळ, सांची, विदिशा, बीना, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा. एकच सरळ मार्ग, नऊशे किलोमीटरांच्या आसपास. ह्याच मार्गाने दिल्लीला जाणारे लोक रात्री बसतात आणि सकाळी उठून पाहतात तो आग्रा आलेला असतो. मधले सगळे झोपेत जाते. आमच्या पैशात दिल्ली बसत नव्हती, म्हणून हे मधले आमच्या वाट्याला आले.

पहिला मुक्काम बुऱ्हाणपूर. भुसावळहून गाडीने तासाभराचे गाव, तापीच्याच काठचे, बाजारात मराठी चालते. आणि आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? शहाजहानची बेगम मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली. तिला प्रथम तापीपलीकडच्या बागेत पुरले होते. सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले. म्हणजे ज्या ताजमहालासाठी सारे जग आग्र्याला धावते त्याची कथा आपल्या शेजारच्या गावात सुरू होते, आणि आमची सहल ती जशी घडली त्याच क्रमाने जाणार आहे. त्याच गावात सन १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावाकडे आणलेले, वर ओळीने विहिरींसारखी कुंडे. हे काम झाले ते दोहे लिहिणाऱ्या रहीमच्या सुभेदारीत. फारुकी राजवटीतल्या तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही मशीद न पाहता पदवी घ्यावी, ही गोष्ट मला तरी विचित्र वाटते.

इटारसीहून भोपाळकडे जाताना मात्र कोणी झोपू नये. विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ साली ह्याच बाजूने रेल्वेने जात असताना खिडकीतून त्यांना दूरचे खडक दिसले. त्या खडकांचा आकार पाहून त्यांना शंका आली, आणि ते परत येऊन शोध घेऊ लागले. त्यातून भीमबेटका जगाला कळले. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी गुहांच्या भिंतींवर काढलेली हरणे, गवे, नाचणारी माणसे. २००३ साली युनेस्कोने त्या गुहांना जागतिक वारसा ठरवले. मला ह्यातली गुहांइतकीच खिडकी महत्त्वाची वाटते. वाकणकर विमानाने गेले असते तर? वातानुकूलित डब्याच्या काळ्या काचेआड असते तर? (स्लीपरच्या डब्यात खिडकी उघडी असते, ऊन येते, धूळ येते; पण दिसते.)

सांचीला मोजक्याच गाड्या थांबतात. भोपाळहून सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटर आहे, बसनेही जाता येते. सांचीचा स्तूप अशोकाचा, एवढे आपण शाळेत पाठ केलेले असते. तिथल्या दगडांवर काय कोरले आहे हे मात्र पुस्तकात तळटीपेत जाते. कठड्यांवर आणि फरसबंदीवर शेकडो लहान लहान दानलेख आहेत. अमुक गावच्या भिक्षुणीचे दान, तमुक गृहस्थाच्या आईचे दान, एखाद्या अख्ख्या गावाचे दान. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी पट्टी. दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी हे कोरीव काम केल्याचा लेख आहे. ज्याला जेवढे झेपले तेवढे त्याने दिले आणि प्रत्येकाचे नाव राहिले. आमच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवर नाव नव्हते, एवढाच काय तो फरक! जवळच विदिशेला ग्रीक दूत हेलिओडोरसने उभारलेला गरुडस्तंभ आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा खांब गावची माणसे 'खांब बाबा' म्हणून ओळखतात. तक्षशिलेहून आलेला ग्रीक वासुदेवासाठी खांब उभारतो आणि पुढे गाव त्याला बाबा करून टाकते, ह्यावर आपल्या तत्त्वज्ञानाच्या सरांनी एक तास अवश्य घ्यावा.

झाशी म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला विष्णुभट गोडसे आठवणारच. वरसईच्या ह्या भटजींचा बेतही पैशांपासूनच सुरू झाला होता. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, असे कानावर आले आणि काकांना सोबत घेऊन ते १८५७ साली निघाले. वाटेतच बंड पेटल्याची बातमी आली. त्यांच्या बेतातले फारसे काही खरे झाले नाही. उलट झाशीच्या वेढ्यात ते शहरातच अडकले, मिळवलेले लुटले गेले. घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. पुढे १८८३ साली त्यांनी लिहून काढलेला 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला आणि मराठीला एक अपूर्व पुस्तक मिळाले. रिकाम्या खिशाने निघालेल्या माणसाला काय काय दिसते ह्याचा ह्याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. दक्षिणेची सोय घरबसल्या झाली असती तर भटजी वरसईतच राहिले असते. (झाशीच्या स्टेशनाला २०२१ साली वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव दिले आहे, हे आरक्षण करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.) झाशीहून ओरछा अगदी जवळ, बेतवेच्या काठी, तिथला एक दिवस आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला आहे. नदीकाठी बसायचे, बस्स.

ग्वाल्हेरबद्दल लिहू लागले तर हा अंक पुरणार नाही. किल्ला, किल्ल्याच्या वाटेवरचे ते लहानसे चतुर्भुज मंदिर जिथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात शून्याचे चिन्ह स्पष्ट दिसते, तानसेनची कबर, राणी लक्ष्मीबाईंची समाधी. आणि आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्याच ग्वाल्हेरात वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली. तेही एका विद्यार्थ्याचेच प्रवासाला जाणे होते.

आता दुसऱ्या शब्दाकडे येते. मुलींमुळे सहलीला बंधने पडतात, असे मुलगे म्हणतात. आम्ही सहांत तिघी आहोत. आमच्या घरच्या मंडळींच्या अटी साध्या होत्या: रोज रात्री कुठे उतरणार त्याचा पत्ता आणि फोन नंबर आधी हवा, नव्या गावी अंधार पडल्यावर पोचायचे नाही, आणि आखाजी घरी करायची. एका मित्राला ह्या अटी ऐकून हसू आले. पण अटी मांडून वेळापत्रक पाहिले तेव्हा काय झाले? अंधारापूर्वी पोचायचे म्हणजे एका दिवसात चार-पाच तासांपेक्षा लांब जायचे नाही. भोपाळ ते झाशी तेवढेच आहे. झाशी ते ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेर ते आग्रा ह्यांना तर प्रत्येकी दीड-दोन तास पुरतात. रात्रीचा प्रवास फक्त परतीचा. म्हणजे रोज रात्री माणसासारखे झोपायचे आणि सकाळी सहाला ताजेतवाने बाहेर पडायचे. सहा शहरांच्या त्या जुन्या यादीत हे सुख कोणाच्याच नशिबी नव्हते. पत्ते आधी हवे होते म्हणून धर्मशाळांना आणि लॉजना आधीच फोन केले. काहींनी मुले-मुली एकत्र म्हटल्याबरोबर नकार दिला. तो नकार रात्री नऊला, सामान हातात असताना ऐकण्यापेक्षा घरी बसून ऐकलेला बरा. बंधने आमच्यामुळे आली हे खरे. नियोजनही आमच्यामुळेच आले.

उन्हाचे काय, हा प्रश्न आमच्या एका प्राध्यापकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात ग्वाल्हेर-झाशीकडे पारा पंचेचाळिसावर जातो. पण भुसावळच्या माणसाला उन्हाची भीती कोणी घालावी? आम्ही सूर्योदयाला निघणार, दहा-साडेदहाला सावलीत येणार, दुपारी झोपणार किंवा वाचणार, पाचनंतर पुन्हा बाहेर. कांदा, लिंबू, मीठ-साखरेचे पाणी सोबत. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी सिमल्यास जावे, माझी काही तक्रार नाही.

सहाच जण का, असेही विचारले गेले. त्याचे उत्तर फारसे उदात्त नाही: एका रिक्षात तिघे बसतात. चार झाले तर दोन रिक्षा कराव्या लागतात आणि दुसरी अर्धी रिकामी धावते. एक खर्चाची वही ठेवावी, रोज रात्री ती सर्वांसमोर वाचावी. मोबाइलवर हिशेबाची साधने आहेत ती वापरावीत, पण मोठ्याने वाचण्याला पर्याय नाही; वाचताना चोरटा कुल्फीचा खर्च आपोआप बाहेर येतो.

तिकिटांबाबत दोन शब्द सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे किलोमीटरमागे कमी होत जाते. त्यामुळे पाच तुकड्यांची पाच तिकिटे एका लांब तिकिटापेक्षा महाग पडतात. पाचशे किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर वाटेत एकदा उतरून मुक्काम करता येतो, हजारांवर असेल तर दोनदा; मात्र पहिले पाचशे किलोमीटर झाल्यावरच. म्हणजे भुसावळ-आग्रा तिकिटावर झाशीला उतरता येईल, भोपाळला नाही. ज्यांना एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने यायचे आहे त्यांच्यासाठी वर्तुळाकार प्रवासाचे तिकीट असते, त्यावर आठ ठिकाणी उतरता येते. विद्यार्थ्यांची सवलत वसतिगृहातून घरी जाण्यासाठी आणि महाविद्यालयाच्या शैक्षणिक सहलीसाठी आहे. आमच्यासारख्या स्वतंत्र टोळीला ती मिळत नाही.

आणि इथे माझी प्राध्यापक मंडळींपुढे एक तक्रार आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते. उन्हाळ्यात स्लीपरच्या जागा बघता बघता संपतात. आपले परीक्षेचे वेळापत्रक मात्र कधी महिनाभर आधी हाती येते, कधी आलेले पुन्हा बदलते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचे ह्यात काही बिघडत नाही. तो ऐन वेळी विमानाने जातो, नाही तर वातानुकूलित डब्याचे तत्काळ तिकीट काढतो. पाच हजारवाल्याला त्या साठ दिवसांशिवाय दुसरा आधार नाही. स्लीपरचे तत्काळ आदल्या दिवशी अकराला उघडते, त्या वेळी आमच्यातला एकजण औषधाच्या दुकानात कामावर उभा असतो. आणि त्याचे जादा पैसे आमच्या आकड्यात बसतही नाहीत. वेळापत्रक वेळेवर लागणे ही केवळ अभ्यासाची सोय नाही, हे कोणी तरी वरपर्यंत पोचवावे. दुसरे असे की, शैक्षणिक सहल म्हणून आपण वर्षानुवर्षे एकाच दिवसात बसमधून तीन धबधबे पाहून येतो. इतिहास आणि मराठी विभागांनी मिळून एकदा हा बुऱ्हाणपूर-सांचीचा मार्ग सवलतीच्या तिकिटात करावा. मग पाच हजारसुद्धा लागणार नाहीत, आणि ज्याच्या चिठ्ठीवर दोन हजारच लिहिलेले असतील तोही येईल.

आमच्यापुरते आता एवढेच ठरायचे राहिले आहे की निघायचे कोणत्या वारी. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. आत जायला पन्नास रुपये आणि मुख्य कबरीपर्यंत आणखी दोनशे, ते वहीत आधीच मांडले आहेत. आग्रा नवव्या दिवशी येतो, म्हणजे गुरुवारी निघून चालणार नाही. भोपाळचे भारत भवन सोमवारी बंद, पण भोपाळात आमचे तीन दिवस आहेत, तेव्हा ते जमून जाईल. आखाजीनंतरचा बुधवार मला बरा दिसतो. पण आमच्यातल्या एकाच्या शेतात मे अखेरीस कापसाची लागवड सुरू होते आणि त्याला तोवर परत यायलाच हवे. तो ह्या रविवारी घरी जाऊन वडिलांना विचारून येणार आहे. तो सांगेल तो बुधवार.